काठावरून सुटणारा वारा



मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. मासेमारी हा माझा विषय नव्हे. तेव्हा सातारा-सांगलीकडच्या मच्छीमारांना चार गोष्टी सांगण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असे कुणी विचारले तर ते योग्यच होईल. त्याला माझे उत्तर एवढेच की, मी भाषांतरात एक चूक केली आणि ती एका माणसाच्या जिवावर बेतता बेतता राहिली. आजचे हे भाषण म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे असे समजा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात एक मुलगा होता. कृष्णाकाठच्या एका गावचा, भोयाच्या घरातला. तास संपल्यावर तो टेबलाशी घुटमळत उभा राहिला. मग खिशातून मोबाइल काढून त्याने मला एक चित्र दाखवले. निळ्या-पिवळ्या रंगाची फुगवलेली होडी आणि तिच्या कडेवर छापलेला बारीक इंग्रजी मजकूर.

"सर, एवढं मराठीत सांगा की. दादानं व्हडी घेतलीया. काय काय लिवलंय म्हणून विचारत हुता."

होडी मोबाइलवरूनच मागवलेली, घरपोच आलेली. दोन-अडीच हजारांची. पायाने दाबायच्या पंपाने फुगवायची, काम झाले की हवा सोडून घडी करायची, पोत्यात घालून मोटारसायकलला बांधायची. सोबत प्लॅस्टिकची दोन वल्ही. आता विचार करा, लाकडाची किंवा फायबरची होडी घ्यायची तर याच्या कितीतरी पट पैसे हवेत. शिवाय ती ठेवायला जागा हवी, वर्षाला डागडुजी हवी आणि एका जलाशयावरून दुसऱ्या जलाशयावर न्यायची तर टेम्पो हवा. गरिबाने ही हवेची होडी घेतली यात त्याचे काहीएक चुकले नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही तीच घेतली असती.

मजकुराची पहिली ओळ मी वाचली. तिचा अर्थ असा होता : या वस्तूमुळे बुडण्यापासून संरक्षण मिळत नाही. मुलगा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "मग सर, हिला व्हडी कशाला म्हणायचं?" मी हसलो. वकिली भाषा असते ती, कंपन्यांना लिहावेच लागते, असे काहीतरी मी बोललो. मुलाचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा शहाणपणाचा होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

पुढच्या ओळीत 'ऑफशोअर विंड'पासून सावध राहा असे छापले होते. आता 'ऑफशोअर' हा शब्द आपण कुठे वाचतो? मुंबईच्या समुद्रातल्या तेलविहिरींच्या बातमीत. तेव्हा मी बेधडक सांगून टाकले, "हे समुद्राचं आहे. समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल लिहिलंय. आपल्याकडे समुद्र कुठला? सोडून दे." वीस वर्षे इंग्रजी शिकवणारा माणूस मी! त्या दोन शब्दांचा अर्थ समुद्रावरचा वारा असा नाही. काठावरून पाण्याकडे वाहणारा वारा, हा त्याचा अर्थ. मग तो काठ समुद्राचा असो, तळ्याचा असो की कोयना-वारणेच्या जलाशयाचा असो. सबंध मजकुरात आमच्या माणसाच्या कामाची सर्वांत मोठी ओळ तीच होती, आणि नेमकी तीच मी खोडून टाकली.

उन्हाळ्यात कृष्णेचे पाणी उतरते. डोह तेवढे राहतात. अशा वेळी या मुलाचा भाऊ सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाच्या जलाशयावर, सासुरवाडीच्या माणसांकडे जातो. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेत ती मंडळी सभासद आहेत. एप्रिलच्या मध्यावर एके दिवशी दुपारी चारच्या सुमाराला तो सकाळी लावलेले जाळे काढायला एकटाच निघाला. पुढचे सारे त्याच्याच तोंडून मी ऐकले आहे.

"सर, वारा पाठीवर हुता. वल्हं मारायचं कामच न्हवतं. काठाला पाणी बघावं तर तव्यावानी गप. मला वाटलं, आज देवानं काम हलकं केलं."

या वाक्यात सगळी मेख आहे. वारा डोंगराकडून, जमिनीकडून येत असला की काठालगतचे पाणी शांत असते. डोंगर, झाडे, बांध यांचा आडोसा असतो, आणि लाट उठायला पाण्याचा पल्ला लागतो, तो काठाशी मिळालेला नसतो. काठावर उभ्या माणसाला तळे आरशासारखे दिसते. जसजसे आत जावे तसतसा आडोसा संपतो, वारा खुला होतो, लाटा वाढतात. जाताना हे कळत नाही, कारण वारा आपल्याला घेऊनच जात असतो. कळते ते परत फिरताना. समुद्रावरून काठाकडे येणारा वारा दंगा करतो, पण माणसाला घरी आणून टाकतो. हा मात्र गोड बोलून आत नेतो.

त्यातून होडी हवेची. लाकडी होडी पाण्यात बसते. तिचे बूड पाण्याला धरून असते. फुगवलेली होडी पाण्यावर बसते. तिचे वजन चार-सहा किलोंचे आणि अंग मात्र फुगलेले, तेव्हा वाऱ्याला ती एखाद्या टोपलीसारखी सापडते. त्या प्लॅस्टिकच्या वल्ह्यांनी वाऱ्याविरुद्ध तिला हाकणे म्हणजे चाळणीने पाणी भरण्यातला प्रकार.

तर हा गडी जाळ्याच्या दूरच्या टोकाला पोचला आणि जाळे ओढू लागला. मागे डोंगराच्या कडेला वळवाचा ढग आला होता. वारा एकदम वाढला. जाळ्यात एक शिंगाळा अडकला होता. ज्यांनी शिंगाळा हाताळला आहे त्यांना त्याचे काटे माहीत आहेत; पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, सुईसारखे ताठ आणि करवतीसारखे दात असलेले. जाळे होडीच्या कडेवरून आत येताना तो काटा कडेत घुसला. 'फुस्स' असा आवाज आला, एवढेच त्याला आठवते. होडीच्या कडेला सगळीकडून मिळून हवेचा कप्पा एकच होता. एक बाजू ढिली पडली, मग दुसरी, मग होडी मधोमध मिटली आणि तो जाळ्यासकट पाण्यात गेला. नायलॉनचे जाळे पायाला लपेटले. पायात चप्पल नव्हती म्हणून पाय निसटला.

पोहायला तो आमच्यासारख्या दहा जणांना ऐकणार नाही. पण तो जवळच्या काठाकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर पोहू लागला. काठ समोर दिसत होता, माणसे ओळखू यावीत इतका जवळ, आणि तो जवळ येईना. हात जड झाले. त्याला वाचवले ते दोन गोष्टींनी. एक, त्याच्या कमरेला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन बांधलेला होता, झाकण घट्ट लावून. दुसरी गोष्ट, त्याला वेळीच सुचले की इथे समुद्र नाही, समोर दुसरा काठ आहे. त्याने वाऱ्याशी भांडण सोडले, कॅन छातीशी धरला, पाठ वाऱ्याकडे केली आणि पाय हलवत राहिला. दीड तासाने तो पलीकडच्या काठाला लागला. तिथे एका गुराख्याने त्याला वर घेतले.

चार दिवसांनी धाकट्या भावाने मला हे सांगितले. तो बिचारा मला दोष द्यायला आला नव्हता. गैरहजेरीचे कारण सांगायला आला होता. त्या रात्री मी शब्दकोश काढून बसलो.

त्यानंतर मी माझ्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या मित्राला छळले, काठाकाठाने हिंडून नावाड्यांना विचारले आणि जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो आहे.

पहिला प्रश्न मला असा पडला की, या होडीवर आपल्या माणसांचा एवढा विश्वास बसला कसा? पाण्याला भिऊन असणारी, नदीला ओटी भरणारी ही माणसे. मला वाटते, याचे मूळ महापुरात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फुटांची. त्या दिवसांत सांगलीच्या गल्ल्यांतून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या फिरत होत्या आणि माडीवरची माणसे उतरवून घेत होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच दृश्य. लहान मुलांनीही ते पाहिले. फुगवलेली होडी म्हणजे जीव वाचवणारी होडी, हे समीकरण तिथे मनात बसले, आणि पुढे मोबाइलवर तसलीच दिसणारी होडी अडीच हजारांत दिसली.

दिसायला दोन्ही सारख्या, पण त्या दोघींत पोहऱ्यात आणि कागदी द्रोणात असावे तेवढे अंतर आहे. दलाच्या होडीचे अंग कापडावर रबर चढवलेले, जाड असते. तिची हवा अनेक बंद कप्प्यांत विभागलेली असते; एक कप्पा फाटला तरी बाकीचे तिला वर धरतात. आत बसणाऱ्याच्या अंगात जीवरक्षक जाकीट असते, आणि चालवणारा शिकलेला असतो. एवढे असूनही पाणी पाणीच असते. २०२४ च्या मे महिन्यात अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटली आणि दलाचे जवान दगावले. जिथे शिकलेल्यांची ही गत, तिथे आपण पातळ प्लॅस्टिकच्या एका कप्प्यावर किती भार टाकावा?

फुगवायच्या होड्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, ६१८५ या क्रमांकाचे. माझ्या मित्राने ते मला दाखवले. त्यात सुरुवातीलाच म्हटले आहे की, एकाच कप्प्याच्या होड्यांना आणि पाण्यातल्या खेळण्यांना हे मानक लागू नाही. म्हणजे ज्यांनी होडी कशाला म्हणावे हे ठरवले, त्यांनी एका कप्प्याच्या होडीला दारातूनच परत पाठवले. "मग हिला व्हडी कशाला म्हणायचं?" हा त्या मुलाचा प्रश्न आणि हे मानक, दोघे एकच बोलतात.

आणि गंमत अशी की ही अक्कल आपल्याकडे नवी नाही. भोपळ्यांची सांगड म्हाताऱ्या माणसांनी पाहिली असेल. सुकवलेले, आतून पोकळ भोपळे दोरीने एकत्र बांधायचे आणि त्यावर माणूस बसवून नदी उतरवायची. त्या सांगडीत जितके भोपळे तितके कप्पे! एक भोपळा फुटला तर माणूस थोडा खाली जाई, बुडत नसे. पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला भोपळा नाहीतर हलक्या पांगाऱ्याचे लाकूड बांधत. पांगाऱ्याला छिद्र पडून हवा निघून जायचा प्रश्नच नाही. पुरात गुऱ्हाळाची काहील होडीसारखी वापरताना तर आपण अजूनही पाहतो. काहिलीचे गुण-दोष वेगळे. ती कलंडते, पण काट्याने फुटत नाही. आज जलाशयांवर थर्माकोलचे ठोकळे पोत्यात भरून, वर फळ्या बांधून केलेले तराफे दिसतात. ते ओबडधोबड दिसतात. शहरातून आलेला पाहुणा त्यांना हसतो. पण त्यांच्यात शिंगाळ्याचा काटा गेला तर एक भोक पडते, यापलीकडे काही होत नाही. अर्थात थर्माकोल कुरतडला जातो, त्याचे कण पाण्यात पसरतात, हे खरे आहे, आणि त्यासाठी तो पोत्यात घट्ट शिवलेला पाहिजे.

हवेच्या होडीला भोक पाडणारे आपल्या पाण्यात शिंगाळ्याशिवायही पुष्कळ आहेत. चिलापीच्या पाठीवरचे काटे आहेत. गळ आहे, जाळे कापायचा चाकू आहे, विडी आहे. आणि एक गोष्ट जलाशयावरच्या माणसांनीच मला सांगितली, ती पुस्तकात सापडली नसती. उन्हाळ्यात पाणी हटते तेव्हा उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करतात. पिकाला कुंपण म्हणून बाभळीच्या फांद्या लावतात. पावसाळ्यात पाणी चढते, पीक निघालेले असते, पण कुंपण तिथेच राहते. वीतभर पाण्याखाली बाभळीच्या काट्यांची रांग! लाकडी होडी त्यावरून खरवडत जाते. ही नाही जात. बुडालेल्या झाडांचे खुंट आणि जुन्या घरांच्या भिंती यांचेही तसेच.

उन्हाचे प्रकरण मला माझ्या मित्राने समजावून दिले. सकाळी गारव्यात टणक फुगवलेली होडी दुपारी काठावर उन्हात टाकली, तर आतली हवा तापून प्रसरण पावते आणि शिवण उसवते. हे पुष्कळांना माहीत असते. याच्या उलट गोष्ट माहीत नसते. तापलेल्या काठावर ४० अंशांच्या हवेने होडी भरली आणि २५ अंशांच्या पाण्यात लोटली, तर आतल्या हवेचे आकारमान सुमारे विसाव्या हिश्शाने आकसते. विसावा हिस्सा म्हणजे काही नाही असे वाटेल. पण या होड्यांत हवेचा दाब मुळातच इतका थोडा असतो की तेवढ्याने ताठ अंग मऊ पडते. माणसाला वाटते होडी गळते आहे, किंवा काही वाटतच नाही, आणि मऊ होडी लाटेवर मधोमध वाकते. उपाय सोपा आहे. होडी पाण्यावर ठेवून, काठालाच, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग कमी पडलेली हवा भरावी.

विकत घेताना एक परीक्षा मात्र प्रत्येकाने करावी. तिला शास्त्र लागत नाही. होडी पूर्ण फुगवा, कमरेएवढ्या पाण्यात न्या, तिच्या कडेचे एक बूच उघडून तेवढी हवा जाऊ द्या आणि मग तीत बसा. उरलेल्या हवेवर ती तुम्हाला धरून राहिली तर तिला होडी म्हणा. नाही राहिली तर ती पोरांना ओढ्यात खेळायला द्या, आणि तेही कुणीतरी जवळ उभे राहून. होडीवर '२०० किलो' असे छापलेले असते, त्यात माणूस, भिजलेले जाळे, शिसे, मासळी, डबा, पाणी, सगळे आले. आणि तो आकडा संथ पाण्यातला, पूर्ण फुगलेल्या होडीचा असतो. दोघांची म्हणून घेतलेली होडी मासेमारीला एकाचीच समजावी. आणि तीत उभे राहून पाग फेकू नये. पाग फेकताना माणसाचा सगळा भार एका कुशीवर येतो आणि तळाला तर धड आधार नसतो. बसून लावायचे जाळे तेवढे लावावे.

आता जाकिटाचे. जाकीट घालून मासे कसे धरायचे, उकडते, हात अडखळतात, आम्हाला पोहता येते की, ही उत्तरे मी सगळीकडे ऐकली. पोहता येणारा माणूस का बुडतो हे मी वर सांगितलेच. माणसाचे अंग पाण्यात जवळजवळ वजनरहित असते. तोंड पाण्यावर राहायला फार आधार लागत नाही. सुमारे पाच किलोंची उचल पुरी होते. पाच लिटरचा रिकामा कॅन साधारण तेवढीच उचल देतो. त्या आईने मुलाच्या कमरेला बांधलेला कॅन हा अडाणी उपाय नव्हता. हिशेबाने तो बरोबर होता. फक्त एक आहे. कॅन माणसाला तरंगत ठेवतो, पण बेशुद्ध माणसाचे तोंड वर ठेवत नाही. ते चांगले जाकीट करते. म्हणून जाकीट मिळाले तर उत्तमच, पण जाकीट नाही म्हणून कॅनही नाही, असे करू नये. आणि जे काही असेल ते अंगाला बांधलेले असावे. होडीत ठेवलेले जाकीट होडीबरोबर वाहून जाते.

हे सगळे जलाशयाचे झाले. नदीची तऱ्हा निराळी. जलाशयात वारा मालक, नदीत ओढ मालक. आपल्या कृष्णेला आकाशात ढग नसताना पाणी येते, कारण वर धरणे आहेत. कोयनेच्या पायथा वीजगृहातून पाणी सोडले म्हणजे ऊन पडलेले असतानाच नदी चढू लागते. पावसाळ्यात दरवाजे उचलले की मग बोलायलाच नको. कऱ्हाडला प्रीतिसंगमाशी उभे राहिलेल्या माणसाला हे कळते, पण पन्नास कोसांवर खाली बसलेल्या माणसाला पाणी पोचेपर्यंत पत्ता नसतो. पाटबंधारे खात्याचे इशारे गावच्या ग्रामपंचायतीत येतात, आपल्या या आकाशवाणीवरूनही ऐकवले जातात. ते ऐकून मगच होडी फुगवावी. बंधाऱ्यांच्या वरच्या आणि खालच्या अंगाला ही होडी नेऊच नये. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली उलटे फिरते आणि हलकी वस्तू पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढते. फुटबॉल तिथे तासन् तास गरगरत राहिलेला तुम्ही पाहिला असेल.

आणि मगरी. औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच त्यांची नावे ठेवलेली असतील. पाण्याच्या पातळीवर बसलेला, पाय बाहेर सोडलेला माणूस आणि होडीत मासळीचा वास, हे मगरीला दिलेले आमंत्रण आहे. त्या पट्ट्यात हवेच्या होडीतून मासेमारी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे मी पर्याय सुचवत नाही.

जास्त माणसे घेण्याबद्दल सांगायला लागू नये अशी आपल्या भागाची दुर्दैवी आठवण आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी होडी उलटली आणि डझनावर माणसे, त्यांत बायका आणि मुले, बुडाली. ती होडी हवेची नव्हती. पण भार झेपेल त्याहून जास्त होता आणि अंगाला आधार नव्हता. शेजारच्या उजनीत २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. नेहमीची वाट, नेहमीचे पाणी, संध्याकाळची वेळ. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर डोंगरावर ढग चढला की पाण्यातून बाहेर यायचे, हा नियम जुन्या नावाड्यांनी काही हवामानखात्याकडून शिकलेला नव्हता.

आता वाऱ्याकडे परत येतो, कारण मूळ चूक तिथली. पाण्यात उतरण्यापूर्वी काठावर उभे राहून चिमूटभर माती सोडा. ती पाण्याकडे गेली तर वारा काठावरून सुटलेला आहे. त्या दिवशी हवेची होडी पोत्यातच राहू द्या, नाहीतर मोटारसायकल काढून पलीकडच्या काठाला जा आणि तिथून उतरा. तिथे तोच वारा तुम्हाला काठाकडे आणील. आत जायचेच असेल तर लांब दोरी काठावरच्या झाडाला बांधा, दुसरे टोक होडीला, आणि दोरीच्या लांबीएवढेच जा. काठावर एक माणूस असू द्या, जागा असलेला. आणि एवढे करूनही वाऱ्याने नेलेच, तर वाऱ्याशी झगडू नका. होडी अर्धी मिटली तरी तिला सोडू नका, उरलेली हवाही आधारच आहे. फक्त जाळ्यापासून दूर व्हा. तळ्याला दुसरा काठ असतो. कोयनेचा शिवसागर लांबीला कितीही मोठा असला तरी रुंदीला त्याला पलीकडचा काठ आहेच. (तिथला काही भाग अभयारण्यात आणि धरणाच्या सुरक्षेच्या हद्दीत येतो, तिथे परवानगीशिवाय होडी नेऊ नये, हे ओघात सांगून ठेवतो.)

मे महिन्यात मी त्या मुलाच्या घरी गेलो. होडीवरचा सगळा मजकूर, या वेळी नीट, मराठीत लिहून नेला होता. मोठा भाऊ ओट्यावर जाळे विणत बसला होता. आता तो सासुरवाडीच्या माणसांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर जातो. मी त्याच्यापुढे माझी चूक कबूल केली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर. कागद बरुबर असता तरी मी त्या दिवशी गेलोच असतो. पाठीवरचा वारा कुणाला वाईट वाटतोय?" हे त्याने मला बरे वाटावे म्हणून म्हटले की खरे म्हणून, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

म्हातारी आई आतून आली. तिला वाचता येत नाही. धाकट्याने तिला कागद मोठ्याने वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मला विचारले, "समदं हाय. पर भोपळ्याचं कुठं लिवलंय? माझ्या सासऱ्यानं भोपळा बांधल्याबिगर पाण्यात पाय टाकला न्हाई."

ते होडीवर छापलेलेच नव्हते. मी खिशातून पेन काढले आणि कागदाच्या तळाशी ती ओळ लिहून दिली.